एका खंडित कारकीर्दीचा इतिहास : मार्गारेट वेड आणि डेल्टा स्टेट येथील स्त्रियांचे बास्केटबॉल

अमेरिकेतील स्त्रियांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास सांगताना इ. स. १९७२ हे वर्ष आरंभबिंदू म्हणून घेण्याचा प्रघात पडून गेला आहे. त्या वर्षी २३ जून रोजी, संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणक्रमातून वा उपक्रमातून लिंगभेदाच्या कारणाने कोणासही वगळण्यास मनाई करणारा कायदा अस्तित्वात आला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो तेथे ओळखला जातो. त्याच्या मूळ कलमात क्रीडेचा शब्दही नाही. तथापि स्त्रियांच्या महाविद्यालयीन क्रीडाजीवनात त्यानंतर जे स्थित्यंतर घडले त्याचे श्रेय बहुधा त्या कायद्यालाच दिले जाते. हे श्रेय देणे सर्वस्वी चूक नाही. परंतु कायदा दार उघडू शकतो. दाराबाहेर कोणी उभे नसेल तर त्या उघडण्यास फारसा अर्थ उरत नाही. १९७३ साली दार उघडले तेव्हा बाहेर कोण उभे होते, आणि ती माणसे तेथे किती काळ उभी होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. मिसिसिपी राज्यातील मार्गारेट वेड यांच्या कारकीर्दीत या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बरीच सामग्री आहे.

मिस वेड यांचे चरित्र थोडक्यात सांगितले जाते तेव्हा ते चमत्कारासारखे वाटते. १९७३ साली, वयाची साठ वर्षे पूर्ण झालेली, प्रशिक्षकपद सोडून जवळजवळ दोन दशके लोटलेली एक प्राध्यापिका, संघ नव्याने स्थापन करू पाहणाऱ्या एका लहान महाविद्यालयाची प्रशिक्षक होते आणि पुढील चार वर्षांत तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून देते. वृत्तपत्री लेखनास हा चमत्कार पुरेसा असतो. परंतु त्याच महाविद्यालयाने एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच स्त्रीच्या हातून चेंडू काढून घेतला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे चमत्काराचे स्वरूप पालटते.

त्या घटनेची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ योजला आणि काही आठवड्यांतच तो जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींपर्यंत पोहोचला. तेथील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका सेंडा बेरेनसन यांनी १८९२ मध्ये तो मुलींस शिकविला व २२ मार्च १८९३ रोजी प्रथम आणि द्वितीय वर्षांच्या विद्यार्थिनींचा सामना भरविला. पुरुषांस प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता. बेरेनसन यांनी मैदानाचे तीन विभाग पाडले, प्रत्येक खेळाडूस आपल्या विभागाबाहेर जाण्यास मनाई केली आणि प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू हिसकावणे निषिद्ध ठरविले. मुलींनी खेळावे, पण दमू नये व भांडू नये, असा या नियमांचा मथितार्थ होता. तत्कालीन वैद्यकीय समजुती आणि कुलीनतेच्या कल्पना यांच्याशी तडजोड केल्याखेरीज खेळास जागाच मिळाली नसती, हेही तितकेच खरे.

पुढे या तडजोडीचे धोरण झाले. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टन येथे परिषद भरली आणि राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा स्त्री-विभाग स्थापन झाला. प्रेक्षकांच्या तिकिटांवर चालणारे सामने, खेळाडूंचे दूरचे प्रवास, मोजक्या निष्णात मुलींवर होणारा खर्च आणि पुरुष प्रशिक्षकांचे वर्चस्व या सर्वांस या विभागाचा विरोध होता. आंतरमहाविद्यालयीन चुरशीऐवजी सर्व मुलींना थोडा थोडा खेळ मिळावा हे त्यांचे ध्येय होते. या भूमिकेची पुढील काळात पुष्कळ थट्टा झाली असली तरी तिच्यातील सर्व आक्षेप पोकळ नव्हते. पुरुषांच्या महाविद्यालयीन क्रीडेतील पैशाचा बाजार या अध्यापिकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि आपले क्षेत्र पुरुषांच्या हाती जाईल ही त्यांची भीती किती सार्थ होती हे पुढे दिसून येईल. मात्र या धोरणाची किंमत खेळू इच्छिणाऱ्या मुलींनी मोजली.

मार्गारेट वेड त्यांपैकीच एक. ३० डिसेंबर १९१२ रोजी मिसिसिपीतील मॅककूल या गावी त्यांचा जन्म झाला. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) ज्या दक्षिणी राज्यांच्या कापसाचा पुरवठा खुंटल्यामुळे मुंबईच्या पेढ्यांवर सोन्याचा पाऊस पडला, त्यांपैकीच हे एक राज्य. त्याच्या वायव्येकडील सपाट, गाळाच्या जमिनीच्या प्रदेशास ‘डेल्टा’ म्हणतात, आणि त्या प्रदेशातील क्लीव्हलंड या गावी १९२५ मध्ये डेल्टा स्टेट अध्यापक महाविद्यालय सुरू झाले. मिस वेड तेथे बास्केटबॉल खेळत. १९३२ मध्ये, त्यांचे शेवटचे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास, महाविद्यालयाने स्त्रियांचा संघ बंद केला. हा खेळ तरुण स्त्रियांच्या प्रकृतीस झेपण्याजोगा नाही, असे कारण देण्यात आले. मुलींनी रडून घेतले आणि निषेध म्हणून आपले गणवेश जाळले. यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते, असे मिस वेड पुढे सांगत असत.

गणवेशांच्या या होळीचा उल्लेख प्रत्येक चरित्रलेखात येतो; त्यानंतरच्या दोन वर्षांकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वस्तुतः या विवेचनाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत. १९३३ मध्ये पदवी घेतल्यावर मिस वेड यांनी राज्याच्या ईशान्य भागात मॅरिएटा व बेल्डन येथील शाळांत नोकरी केली आणि त्याच सुमारास टुपेलो गावच्या ‘रेड विंग्ज’ या निमव्यावसायिक संघातून त्या खेळत राहिल्या. म्हणजे जो खेळ महाविद्यालयातील मुलीच्या प्रकृतीस अपायकारक ठरला होता, तोच शाळेतील मुलींना शिकविण्यास व गावच्या संघातून पैशासाठी खेळण्यास त्याच स्त्रीला कोणी हरकत घेतली नाही. बंदी स्त्रीदेहावर होती असे म्हणण्यापेक्षा ती महाविद्यालयीन प्रतिष्ठेच्या कुंपणाआत होती असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

या कुंपणाबाहेरचे जग विस्तृत होते. आयोवा राज्यात १९२५ मध्ये शालेय क्रीडासंघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करण्याचे ठरविले तेव्हा खेड्यांतील लहान शाळांनी वेगळी संघटना काढून त्या चालू ठेवल्या. ओक्लाहोमातील बिंग या खेड्यात बर्था टीग या शिक्षिकेने १९२७ ते १९६९ पर्यंत एकाच शाळेचा संघ सांभाळला आणि १,१५७ सामने जिंकले. हरले केवळ ११५. डल्लस येथील एका विमा कंपनीच्या संघाने १९३१ चे राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद मिळविले, त्या संघात पुढे ऑलिंपिकमध्ये गाजलेल्या बेब डिड्रिक्सन होत्या. कृष्णवर्णीयांच्या संस्थांतही हा खेळ जोमाने चालू होता. नॉर्थ कॅरोलायनातील बेनेट महाविद्यालयाचा संघ १९३४ मध्ये ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या प्रबळ संघाशी सामने खेळला. ट्रिब्यूनच्या बाजूने ओरा वॉशिंग्टन होत्या. टेक्ससमधील वेलँड बॅप्टिस्ट महाविद्यालयाच्या संघाने १९५३ ते १९५८ या काळात सलग १३१ सामने जिंकले, परंतु तेही हौशी संघटनेच्या छत्राखाली. त्यांच्याशी खेळण्यास महाविद्यालयांचे संघ पुरेसे नव्हतेच.

मिस वेड या साठ्याच्याच एक भाग बनल्या. १९३५ मध्ये त्या क्लीव्हलंड येथील शाळेत आल्या. ज्या महाविद्यालयाने त्यांचा संघ मोडला ते त्याच गावात होते. १९५४ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, त्यांनी तेथे मुलींचा संघ तयार केला. ४५३ विजय, ८९ पराभव आणि ६ सामने बरोबरीत अशी त्यांची नोंद आहे. महाविद्यालयाच्या दप्तरी ज्या काळात स्त्रियांचे बास्केटबॉल अस्तित्वात नव्हते, त्या काळात त्याच्याच गावात ही नोंद होत होती, आणि महाविद्यालयाच्या इतिहासात तिला स्थान मिळण्याचे काही कारणही नव्हते. शालेय क्रीडेचा इतिहास स्थानिक वृत्तपत्रांत व जुन्या वार्षिकांत विखुरलेला असतो, विद्यापीठांचा मात्र ग्रंथालयांत जतन होतो. जतन झालेल्यालाच इतिहास मानण्याची चूक येथेही घडली आहे.

१९५९ मध्ये मिस वेड डेल्टा स्टेटमध्ये शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनासाठी परतल्या व पुढे स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. संघ अर्थातच नव्हता. चौदा वर्षे त्यांनी शारीरिक शिक्षणाच्या भावी शिक्षिकांना शिकविले. १९७३ मध्ये महाविद्यालयाचे अध्यक्ष ऑब्री लुकास यांनी संघ पुन्हा सुरू करण्याचे ठरविले आणि प्रशिक्षक म्हणून त्यांना पाचारण केले.

येथे एका तांत्रिक अडचणीचा विचार केला पाहिजे. कारण विजयांच्या झगमगाटात ती झाकली गेली आहे. मिस वेड यांनी १९५४ पर्यंत जे शिकविले होते ते मुख्यतः विभागलेल्या मैदानाचे बास्केटबॉल होते. १९३८ पासून स्त्रियांच्या अधिकृत नियमांत मैदानाचे दोन भाग व संघात सहा खेळाडू असत. तिघी केवळ आक्रमण करीत, तिघी केवळ बचाव. बचाव करणाऱ्या मुलीस वर्षानुवर्षे टोपलीवर चेंडू टाकण्याची संधी मिळत नसे. महाविद्यालयीन स्तरावर पाच खेळाडूंचा, संपूर्ण मैदानाचा खेळ १९७१ मध्ये स्वीकारला गेला. तेव्हा साठीतील या प्रशिक्षकास, ज्या खेळात तिने आपला लौकिक मिळविला होता त्याहून बऱ्याच अंशी वेगळा खेळ शिकवावयाचा होता. पहिल्याच हंगामात संघाने १६ सामने जिंकले व २ गमावले. यावरून एवढे निश्चित दिसते की अर्ध्या मैदानावर मिळविलेले ज्ञान पूर्ण मैदानावर निरुपयोगी ठरले नाही. ठराविक जागेत राहून सहकाऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेणे, उंच खेळाडूपर्यंत टोपलीजवळ चेंडू पोहोचविणे, ही जुन्या खेळाची मूलद्रव्ये होती, आणि डेल्टा स्टेटच्या खेळाचा कणाही तोच राहिला.

तो कणा एका खेळाडूच्या रूपाने मूर्त झाला. मिंटर सिटी या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबातील अकरा भावंडांपैकी दहावी, सहा फूट तीन इंच उंचीची लुशिया हॅरिस ग्रीनवुडच्या शाळेतून १९७३ मध्ये डेल्टा स्टेटमध्ये आली. तिचा मूळ विचार अल्कॉर्न स्टेट या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत जाण्याचा होता, परंतु तेथे स्त्रियांचा संघ नव्हता. तिला चेंडू पुरविणारी डेबी ब्रॉक ही केवळ चार फूट अकरा इंच उंचीची होती. या दोघींच्या उंचीतील फरक प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाला. तथापि चेंडू टोपलीखाली उभ्या असलेल्या खेळाडूच्या हाती योग्य क्षणी पडणे हे उंचीपेक्षा सरावावर अवलंबून असते, आणि सराव हे प्रशिक्षकाचे काम होय. चार वर्षांत हॅरिसने २,९८१ गुण मिळविले.

दुसऱ्या हंगामात, १९७४–७५ मध्ये, संघ अठ्ठावीस सामने खेळला आणि एकही हरला नाही. मार्च १९७५ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसनबर्ग येथे अंतिम सामना झाला. समोर फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलाटा हे जोगिणींनी चालविलेले कॅथलिक महाविद्यालय होते. १९७२ पासूनची तिन्ही अजिंक्यपदे त्याच संघाने जिंकली होती आणि त्याच्या प्रशिक्षक कॅथी रश यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. आपल्या मुलींस उत्तेजन देण्यासाठी प्रेक्षागारात बादल्या बडविणाऱ्या जोगिणी ही त्या काळातील एक प्रसिद्ध गोष्ट होती. बासष्ट वर्षांच्या मिस वेड यांच्या संघाने हा सामना ९० विरुद्ध ८१ असा जिंकला. पुढील वर्षी त्याच प्रतिपक्षावर ६९–६४ अशी मात झाली. त्या हंगामात ३३ विजय व एकच पराभव होता. १९७७ मध्ये मिनिॲपोलिस येथे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा ६८–५५ असा पराभव करून तिसरे अजिंक्यपद मिळाले. तीन हंगामांत ९३ विजय आणि ४ पराभव, त्यांत सलग ५१ विजयांची मालिका.

हॅरिस १९७७ मध्ये पदवीधर झाली. पुढील दोन हंगामांत संघाने ४८ सामने जिंकले व १७ गमावले. पराभवांची ही वाढ पाहून यशाचे सारे श्रेय एका असामान्य खेळाडूस देण्याचा मोह होतो. त्यात सत्याचा अंश आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हॅरिस १९७३ मध्ये शाळेतून घडून आली होती, प्रशिक्षक १९५४ पर्यंत शाळेत घडली होती; दोघींपैकी कोणीही महाविद्यालयीन परंपरेची निर्मिती नव्हती, कारण तशी परंपराच तेथे नव्हती. १९७९ मध्ये मिस वेड निवृत्त झाल्या तेव्हा महाविद्यालयातील सहा वर्षांची त्यांची एकूण नोंद १५७ विजय आणि २३ पराभव अशी होती.

या यशाचे अधिष्ठान असलेली संघटनाही लक्षणीय आहे. ही अजिंक्यपदे महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने (तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ए. आय. ए. डब्ल्यू. म्हणत) भरविलेल्या स्पर्धांतील होती. १९७१ मध्ये ही संघटना स्त्री शारीरिक शिक्षकांनीच उभारली. १९२३ चा स्त्री-विभाग १९४० मध्ये शारीरिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्त्री-शाखेत विलीन झाला होता आणि त्याच शाखेच्या वंशातून ही नवी संघटना निघाली. तिने आरंभी खेळावर आधारित शिष्यवृत्त्यांस मनाई केली, ती जुन्या भीतीमुळेच; १९७३ मध्ये फ्लॉरिडातील खेळाडूंनी खटला भरल्यावर ती मनाई उठविणे भाग पडले. १९७८ पासून देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन स्त्री-खेळाडूस ‘वेड ट्रॉफी’ देण्यास प्रारंभ झाला व पहिली ट्रॉफी माँटक्लेअर स्टेटच्या कॅरल ब्लेझेजॉव्स्की यांना मिळाली. ही ट्रॉफी सुरू करणारी संघटना तीच शाखा, नव्या नावाने. ज्या विचारसरणीने १९३२ मध्ये मिस वेड यांचे गणवेश जाळावयास लावले, तिच्याच वारसदारांनी शेहेचाळीस वर्षांनी पारितोषिकास त्यांचे नाव दिले. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही; अध्यापिकांच्या दोन-तीन पिढ्यांमध्ये मत पालटले होते, एवढेच.

जुनी भीती मात्र खरी ठरली. पुरुषांच्या स्पर्धा चालविणाऱ्या एन. सी. ए. ए. या संघटनेने १९८२ मध्ये स्त्रियांचे राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू केले आणि त्याच वर्षी ए. आय. ए. डब्ल्यू. मोडली. मोठ्या विद्यापीठांचा पैसा स्पर्धेत उतरताच इमॅक्युलाटा व डेल्टा स्टेट यांच्यासारख्या लहान संस्था अग्रपंक्तीतून मागे पडल्या. डेल्टा स्टेटने १९८९, १९९० व १९९२ मध्ये पुन्हा अजिंक्यपदे जिंकली, पण ती द्वितीय श्रेणीची, आणि तेव्हा प्रशिक्षक लॉइड क्लार्क हे पुरुष होते. १९७२ मध्ये स्त्रियांच्या महाविद्यालयीन संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ च्या गणनेत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. वेतन आणि प्रतिष्ठा वाढली, त्याच प्रमाणात पद स्त्रियांच्या हातून निसटले.

१९८५ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान-मंदिरात प्रथमच स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्या तिघी म्हणजे सेंडा बेरेनसन, बर्था टीग आणि मार्गारेट वेड. पहिली नियम घडविणारी, दुसरीने आयुष्यभर शाळेबाहेर पाऊल टाकले नाही, तिसरीची बहुतेक वर्षे शाळेत वा संघाविना गेली. १९९२ मध्ये पहिल्या स्त्री-खेळाडू म्हणून लुशिया हॅरिस व निरा व्हाइट यांचा समावेश झाला. व्हाइट यांचा सारा लौकिक नॅशव्हिल येथील हौशी संघातून मिळविलेला होता. मिस वेड यांचे निधन १६ फेब्रुवारी १९९५ रोजी क्लीव्हलंड येथेच झाले.

वर्णभेदाचा उल्लेख केल्याखेरीज हे विवेचन अपुरे राहील. डेल्टा स्टेट ही १९६७ पर्यंत केवळ गौरवर्णीयांची संस्था होती आणि १९७३ नंतरच्या त्या विजयी संघात हॅरिस ही एकटीच कृष्णवर्णीय खेळाडू होती. १९३२ मध्ये ज्या मुलींचा खेळ बंद झाला त्यांना निदान प्रवेश मिळालेला होता. हॅरिसच्या आईच्या पिढीस त्या महाविद्यालयाचे प्रवेशद्वारही बंद होते. मिस वेड यांनी एकोणीस वर्षे ज्या शाळेत ४५३ विजय मिळविले ती शाळाही गौरवर्णीय मुलींचीच होती. गावातील शाळांच्या एकत्रीकरणासाठीचा दावा १९६५ मध्ये दाखल झाला, आणि क्लीव्हलंड हायस्कूल व रुळांपलीकडील ईस्ट साइड हायस्कूल एकत्र करण्याचा आदेश संघराज्याच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. २०१७ पासून दोन्ही शाळांची नावे जाऊन तेथे क्लीव्हलंड सेंट्रल ही एकच शाळा आहे.